जहाजावर बंदराचा पायलट घेणे कायद्याने सक्तीचे असते का, आणि अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची?

मांडव्याचा प्रवासी (प्रश्न)

नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झालो असून गेली काही वर्षे अलिबाग तालुक्यात राहतो. मुंबईला जाणे-येणे मांडवा ते गेट वे या लाँचनेच होते. मागच्या आठवड्यात संध्याकाळच्या फेरीत एका प्रचंड कंटेनर जहाजाला वाट देण्यासाठी आमच्या तांडेलाने लाँचचा वेग कमी केला, तेव्हा त्या जहाजाच्या कुशीला लागून एक छोटी बोट धावताना दिसली. तिच्या काठीवर वर पांढरा आणि खाली लाल असे दोन दिवे होते. जहाजही थांबले नव्हते आणि बोटही थांबली नव्हती. तशातच बोटीवरचा एक माणूस जहाजाच्या अंगावर सोडलेल्या दोरशिडीला धरून वर चढून गेला. शेजारी बसलेले कोळी गृहस्थ म्हणाले, "तो पायलट, जहाजाला बंदराची वाट दाखवणारा. तो चढल्याशिवाय जहाज आत येत नाही."

माझा भाचा व्यापारी जहाजावर थर्ड ऑफिसर आहे. त्याला फोनवर विचारले, तर तो म्हणाला, "पायलट आला तरी जहाज कप्तानाचेच असते, मामा." हे मला कोड्यात टाकणारे वाटले. सरकारने एखाद्या मोटारमालकाला सांगितले की या गल्लीत आमचाच माणूस गाडी चालवील, आणि त्या माणसाने गाडी भिंतीवर घातली, तर भरपाई मालकाकडून मागणे न्यायाचे होईल का? पायलट घेण्याची सक्ती नेमकी कोणत्या कायद्याने होते, ती जगभर सारखी असते का, एकाच बंदरात पन्नास वेळा आलेल्या कप्तानालाही ती लागू होते का, आणि सक्ती असूनही जबाबदारी कप्तानावर का राहते, हे जाणकारांनी समजावून सांगावे अशी विनंती आहे.

जुना हार्बर पायलट (उत्तर)

आपण पाहिलेले दिवे बरोबर ओळखीचे आहेत. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतील २९ व्या नियमाप्रमाणे पायलटच्या बोटीने कामावर असताना वर पांढरा व खाली लाल असे, चहूबाजूंनी दिसणारे दिवे लावायचे असतात. पायलट जहाजावर पोहोचल्यावर दिवसा त्या जहाजावर उभा अर्धा पांढरा आणि अर्धा लाल असा बावटा चढतो. पुढच्या वेळी दिवसाच्या फेरीत तो जरूर पाहावा.

सक्तीविषयी एक गैरसमज आधी दूर करतो. जहाजांच्या सुरक्षिततेचा जो मोठा आंतरराष्ट्रीय करार आहे, ज्याला आम्ही 'सोलास' म्हणतो, तो जहाजाला पायलट घेण्याची सक्ती करत नाही. पायलटला वर घेण्याची व्यवस्था कशी असावी, एवढेच त्याच्या पाचव्या प्रकरणातील २३ वा नियम सांगतो. पायलट घ्यावाच लागेल की नाही, हे त्या त्या देशाचा कायदा आणि त्या त्या बंदराचे नियम ठरवतात. त्यामुळे एका बंदरात जे बंधनकारक आहे ते दुसऱ्या देशातील बंदरात ऐच्छिक असू शकते. कायद्याचा मजकूर या मंचावरील वकील मंडळी माझ्यापेक्षा नेमका सांगतील. मी सक्तीमागचे कारण सांगतो, कारण ते पाण्यात दिसते, पुस्तकात कमी दिसते.

मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. भांगाच्या दिवसांत तो बराच कमी असतो. सुकती लागली की खाडीतून बाहेर पडणारे पाणी जहाजाला आडवे ढकलते, आणि हा रेटा प्रत्येक बोयाजवळ, म्हणजे वाटेच्या तरंगत्या खुणेजवळ, वेगळा असतो. खोल समुद्रात तीनशे मीटर लांबीचे जहाज वळवायला कप्तानाला मैलभर जागा मिळते. बंदराच्या खोदलेल्या मार्गात ती मिळत नाही, आणि वेग जसजसा कमी करावा तसतसे सुकाणू जहाजावरची पकड सोडू लागते. त्यावेळी टग, म्हणजे जहाज ओढणारी-ढकलणारी बोट, कुठे लावायचा, दोर कधी ताणायचा, पाणी कोणत्या घटकेला थबकते, हे रोज तेच पाणी पाहणाऱ्यालाच कळते. कलकत्त्याच्या पायलटांची तर गोष्टच निराळी आहे. समुद्राच्या तोंडापासून हुगळीतून वर कलकत्त्यापर्यंतची वाट दोनशे किलोमीटरहून अधिक आहे आणि गाळामुळे नदीचा तळ सतत सरकत असतो. महिन्यापूर्वीचा नकाशा तिथे अर्धवटच उपयोगी पडतो.

पन्नास वेळा आलेल्या कप्तानाचा अनुभव मी कमी लेखत नाही. परंतु तो पन्नास वेळा आला तो बहुधा पंधरा-वीस वर्षांत, वेगवेगळ्या जहाजांवरून. बंदराच्या पायलटचे तेवढे फेरे काही महिन्यांत होतात.

आता आपल्या मोटारीच्या उदाहरणाकडे वळतो. ते येथे लागू पडत नाही, कारण पायलट गाडीचे चाक हातात घेत नाही. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, पोहोचल्यावर आधी कप्तान त्याच्या हाती पायलट कार्ड देतो. त्यावर जहाज किती पाण्यात बुडालेले आहे, इंजिनाच्या कोणत्या हुकमाला किती वेग मिळतो, जहाज ढकलणारा पाण्यातला पंखा कोणत्या बाजूला फिरतो, काही यंत्र नादुरुस्त आहे का, हे लिहिलेले असते. मग पायलट आपला बेत सांगतो आणि दोघे तो पडताळून पाहतात. त्यानंतर पायलट म्हणतो "स्टारबोर्ड टेन", म्हणजे सुकाणू उजवीकडे दहा अंश, सुकाणूवरचा खलाशी तोच हुकूम मोठ्याने परत म्हणतो, सुकाणू फिरवतो आणि फिरल्यावर पुन्हा कळवतो. खलाशी कप्तानाचा आहे, इंजिन कप्तानाचे आहे, आणि कप्तान शेजारीच उभा आहे. जुन्या लॉगबुकांत यासाठी नेटका शब्दप्रयोग असे : 'कप्तानाच्या हुकमाने, पायलटच्या सल्ल्याने'. प्रत्यक्षात सल्ल्याचा सूर हुकमाचा असतो, कारण बोलत बसायला वेळ नसतो, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

थोडे विषयाच्या कडेचे, पण आपण शिडीचा उल्लेख केलात म्हणून लिहितो. पाण्यापासून चढण्याच्या जागेपर्यंतची उंची नऊ मीटरहून अधिक असेल, तर नुसती दोरशिडी चालत नाही. तिला जहाजाच्या तिरक्या जिन्याची जोड द्यावी लागते. शिडीपाशी जहाजाचा जबाबदार अधिकारी हजर असावा लागतो आणि दिव्यासह लाइफबॉय तयार ठेवावा लागतो. एका पावसाळ्यात मी बोटीच्या नाकावर उभा राहून समोरची शिडी न्याहाळत होतो. पायऱ्या नव्या कोऱ्या, रंगवल्यासारख्या स्वच्छ होत्या, पण कठड्याजवळ दोराचा एक पदर घासून केसाळ झालेला दिसला. मी चढण्यास नकार दिला. दुसरी शिडी लावेपर्यंत पाऊण तास गेला, भरतीची वेळ टळली आणि जहाजाला पुढच्या पाण्याची वाट पाहत नांगरून राहावे लागले. कप्तान माझ्यावर बराच रागावला होता. सक्तीच्या कायद्याने पायलट जहाजावर असणे बंधनकारक होते, कुजक्या दोराला लोंबकळणे नव्हे.

सागरी कायद्याचा अभ्यासक (उत्तर)

वरील उत्तराला कायद्याची बाजू जोडतो. आपल्याकडे या विषयाचा पाया शंभराहून अधिक वर्षे भारतीय बंदरे कायदा, १९०८ याच्या कलम ३१ मध्ये होता. ज्या बंदराला हे कलम सरकारने खास लागू केले असेल, तेथे २०० टन किंवा त्याहून अधिक मापाच्या कोणत्याही जहाजाने पायलट, हार्बर मास्टर किंवा त्याचा साहाय्यक जहाजावर असल्याखेरीज आत येऊ नये, बाहेर जाऊ नये आणि बंदरातल्या बंदरात जागाही बदलू नये, असे ते कलम सांगत असे. यातील 'जागा बदलू नये' हे शब्द अनेकांच्या नजरेतून सुटतात. एका धक्क्यावरून शेजारच्या धक्क्यावर जहाज नेणे हीसुद्धा या कलमाखाली येणारी हालचाल होती. तसेच येथील टन म्हणजे वजन नव्हे, तर जहाजाच्या आकारमानाचे माप होय.

कप्तानाच्या अनुभवाला या मजकुरात कोणतीही सूट नव्हती. इंग्लंडमध्ये मात्र १९८७ च्या पायलटेज कायद्याने तशी सोय ठेवली आहे. त्या बंदराची माहिती आणि पुरेसा अनुभव सिद्ध करून दाखवणाऱ्या अधिकाऱ्याला पायलटमधून सूट देणारे प्रमाणपत्र मिळू शकते, आणि मग तो आपले जहाज स्वतःच आत नेऊ शकतो. रोज त्याच बंदरात ये-जा करणाऱ्या फेरी-जहाजांसाठी ही तरतूद फार सोयीची ठरते. तेव्हा आपल्या 'पन्नास वेळा आलेल्या कप्तानाला' भारतात १९०८ च्या कायद्याने नकार आणि इंग्लंडमध्ये कदाचित होकार, असे उत्तर येते.

सक्ती मोडणाऱ्या कप्तानाला १९०८ च्या कायद्याने दंड ठेवला होता तो जास्तीत जास्त दोनशे रुपये. आज हा आकडा वाचून हसू येते. परंतु बंदरात विनापरवानगी शिरणाऱ्या जहाजाची खरी अडचण दंडाने होत नाही, तर धक्का, टग, बाहेर पडण्याची परवानगी आणि विमा या सर्व ठिकाणी होते. त्याच पोटकलमात दोन पळवाटा नव्हे, तर दोन शहाणपणाच्या सवलती होत्या : निकडीचा प्रसंग असेल तर, आणि योग्य अधिकाऱ्याकडे अर्ज करूनही पायलट मिळाला नसेल तर, कप्तान गुन्हेगार ठरत नसे.

आता आपल्या मुख्य शंकेचे उत्तर. कलम ३१ चे पोटकलम (२) स्पष्ट म्हणत असे की, पायलट घेणे बंधनकारक असले तरी जहाजामुळे किंवा ते चालवण्यातील चुकीमुळे झालेल्या नुकसानीस मालक किंवा कप्तान हा, जणू काही अशी सक्ती नव्हतीच, अशा रीतीने जबाबदार राहील. हे पोटकलम लागू होण्यास १ जानेवारी १९१८ पर्यंत मुदत ठेवलेली होती, आणि या तारखेमागे इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लिश कायदा नेमके आपण म्हणता तसेच म्हणत असे, की पायलट सक्तीने घ्यायला लावला आणि चूक त्याचीच असेल, तर मालक मोकळा. त्याचा परिणाम 'हॅली' या आगबोटीच्या प्रकरणात दिसला. ही ब्रिटिश आगबोट फ्लशिंगजवळ, बेल्जियमच्या पाण्यात, नॉर्वेच्या 'नेपोलियन' या शिडाच्या जहाजावर आदळली. आगबोटीवर सक्तीचा पायलट होता. बेल्जियमच्या कायद्याप्रमाणे मालकाला भरपाई द्यावी लागली असती, परंतु दावा इंग्लंडमध्ये लागला आणि १८६८ साली प्रिव्ही कौन्सिल या तेथील अपिलाच्या वरिष्ठ न्यायपीठाने इंग्लिश कायद्याच्या आधारे तो फेटाळला. ज्याचे जहाज मोडले त्याने मग भरपाई मागायची कोणाकडे? पायलटकडे? त्याचा सगळा संसार विकला तरी जहाजाचे एक शीड येणार नाही. १९१० साली ब्रुसेल्स येथे झालेल्या टकरीविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराने हा बचाव काढून टाकला. इंग्लंडने १९१३ च्या कायद्याने तेच केले आणि मुदत दिली ती हीच, १ जानेवारी १९१८ ची.

म्हणजे आपल्या मोटारीच्या उदाहरणात भिंत ज्याची पडली त्याच्या बाजूने पाहिले पाहिजे. त्याने पायलट निवडला नव्हता, जहाजही निवडले नव्हते. मालकाकडे जहाज आहे, त्यावर मिळणारे भाडे आहे आणि अशा नुकसानीसाठीच घेतलेले विमासंरक्षण आहे. म्हणून कायदा जबाबदारी तेथे ठेवतो. मालकाने नंतर बंदराकडे किंवा पायलटकडे हात पसरावा म्हटले, तर तेही सोपे नाही. १९७८ साली शेटलंडमधील सलम व्हो येथे 'एसो बर्निशिया' हे टँकर धक्क्यावर आदळले. त्या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, १९८८ मध्ये असा निर्णय दिला की, पायलट हा जहाज चालवताना स्वतंत्र व्यावसायिक असतो, त्यामुळे त्याला नोकरीवर ठेवणारे बंदर त्याच्या निष्काळजीपणाची भरपाई देण्यास बांधील नाही. शिवाय १९८७ च्या इंग्लिश कायद्याने अधिकृत पायलटची स्वतःची देणेदारी एक हजार पौंड आणि त्या फेरीचे पायलट-शुल्क एवढ्यावरच थांबवली आहे. मालकाच्या दृष्टीने हे कठोर आहे, परंतु अन्यायाचे आहे असे मला वाटत नाही.

एक सावधगिरीची सूचना. १९०८ च्या कायद्याची जागा घेणारा भारतीय बंदरे कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला आहे. त्यामुळे एखाद्या प्रत्यक्ष वादात, घटनेच्या दिवशी लागू असलेला मजकूर आणि त्या बंदराचे नियम पाहूनच मत बनवावे.

मांडव्याचा प्रवासी

दोघांचेही मनापासून आभार. भिंत पडलेल्या माणसाच्या बाजूने मी विचारच केला नव्हता. आता एकच शंका उरते. जबाबदारी कप्तानाची असेल, तर पायलट चुकतो आहे असे दिसल्यावर त्याला थांबवण्याचा अधिकार कप्तानाला असतो का? आणि असला तरी परक्या बंदरात, परक्या पाण्यात, तो वापरण्याचे धाडस कोणी करते का?

दर्यावर्दी कप्तान, सध्या रजेवर (उत्तर)

अधिकार असतो, आणि तो न वापरणे हाच दोष ठरू शकतो. जहाजावरील अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण व पहाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय संकेत सांगतो की, पायलट जहाजावर असल्याने कप्तान किंवा पहाऱ्यावरील अधिकारी आपल्या कर्तव्यातून मुक्त होत नाही. पायलटच्या हालचालीबद्दल शंका आल्यास अधिकाऱ्याने त्याला विचारावे, शंका फिटली नाही तर कप्तानाला तत्काळ कळवावे आणि कप्तान येईपर्यंत जरूर ते स्वतः करावे. म्हणजे आपल्या थर्ड ऑफिसर भाच्यावरही हे बंधन आहे. त्याने ते अगदी एका वाक्यात सांगितले होते.

धाडसाचा प्रश्न मात्र आपण योग्य विचारलात. ७ नोव्हेंबर २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात दाट धुके असताना 'कॉस्को बुसान' हे कंटेनर जहाज पुलाच्या खांबाच्या संरक्षक बांधणीला घासले आणि पन्नास हजार गॅलनहून अधिक इंधन पाण्यात सांडले. निघण्यापूर्वी पायलटने इलेक्ट्रॉनिक नकाशावरील दोन लाल त्रिकोणांचा अर्थ कप्तानाला विचारला होता. कप्तानाने तो पुलाचा मध्य असल्याचे सांगितले. वास्तविक ते खांबाजवळील बोयांचे चिन्ह होते. जो माणूस वाट दाखवायला आला तो वाट विचारतो आहे, हे ऐकून कप्तानाने तेथेच थांबायला हवे होते, आणि ज्याला आपल्या नेहमीच्या पाण्याचे चिन्ह ओळखता येत नाही त्या पायलटनेही. दोघेही थांबले नाहीत. पुढे पायलटला दहा महिन्यांची कैद झाली, आणि जहाज चालवणाऱ्या कंपनीलाही मोठा दंड भरावा लागला. जबाबदारी कप्तान-मालकाची म्हणजे पायलट सर्वस्वी सुटला, असा अर्थ कोणी काढू नये. भरपाई निराळी आणि फौजदारी गुन्हा निराळा.

माझ्यापुरते सांगायचे तर, बंदराचे नाव घेत नाही, पण एका नदीतल्या बंदरात रात्री पायलट आला तो थकलेला. वळणाचा बोया डाव्या कुशीला आला तरी त्याचा हुकूम येईना. मी विचारले, "पायलटसाहेब, आता वळायचे ना?" तो खिडकीबाहेर पाहतच राहिला. दुसऱ्यांदा न विचारता मी सुकाणूवरच्या खलाशाला हुकूम दिला आणि इंजिन हळू केले. मिनिटभराने तो म्हणाला, "ठीक आहे, कप्तान." दोघांनीही त्या विषयावर पुन्हा शब्द काढला नाही. पण त्या मिनिटाची नोंद मी लॉगमध्ये वेळेसह करून ठेवली. असे प्रसंग विरळा असतात. बहुतेक पायलट इतके सफाईदार असतात की आपण फक्त पाहत राहावे.

जबाबदारी कप्तानाची, या नियमाला ठळक अपवाद आहे तो पनामा कालव्याचा. तेथील नियमांप्रमाणे जहाजाच्या हालचालीचा ताबा पायलटकडे जातो, आणि म्हणूनच लॉकमधून, म्हणजे पाण्याची पातळी वरखाली करणाऱ्या बंदिस्त कप्प्यातून, जाताना झालेल्या नुकसानीची जबाबदारीही काही अटींवर कालव्याचे प्राधिकरण पत्करते. सुएझमध्ये तसे नाही. २०२१ च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' आडवे अडकले तेव्हा त्यावर कालव्याचे दोन पायलट होते, तरी कालव्याचे नियम जबाबदारी कप्तान व मालकाकडेच ठेवतात.

'जगभर सारखे असते का' याचे उत्तर सामुद्रधुनींमध्ये सर्वांत रंजक होते. बॉस्फोरस इतका अरुंद आणि इस्तंबूलसारखे शहर दोन्ही काठांवर, तरी १९३६ च्या माँत्रो करारानुसार तिथून नुसत्या पार जाणाऱ्या व्यापारी जहाजाला शांततेच्या काळात पायलट घेणे ऐच्छिक आहे. याउलट ऑस्ट्रेलियाने ग्रेट बॅरियर रीफच्या ठरावीक भागांत १९९१ पासून ७० मीटर किंवा त्याहून लांब जहाजांना, आणि तेल, रसायने वा द्रवरूप वायू भरलेल्या जहाजांना लांबी कितीही असली तरी पायलट सक्तीचा केला. २००६ मध्ये तोच नियम टोरेस सामुद्रधुनीला लावला, तेव्हा अमेरिका व सिंगापूर यांनी आक्षेप घेतला. स्वतःच्या बंदरात येणाऱ्या जहाजाला अट घालणे वेगळे आणि आंतरराष्ट्रीय वाटेने पार जाणाऱ्याला अडवणे वेगळे, असे त्यांचे म्हणणे. रीफची प्रवाळे मी पाहिली आहेत, आणि त्या बाबतीत माझे मत ऑस्ट्रेलियाच्या बाजूने आहे.

खाडीतला बार्जवाला

चर्चा वाचून एक व्यवहारातला प्रश्न विचारतो. आमचे छोटे यांत्रिक बार्ज २०० टनांच्या आत भरते. मग आम्ही या सक्तीतून आपोआप सुटलो, असे समजायचे का?

सागरी कायद्याचा अभ्यासक

आपोआप नव्हे, आणि येथेच बरेच जण फसतात. १९०८ च्या कलम ३१ प्रमाणे यंत्रावर चालणारे जहाज २०० टनांच्या आतील कितीही मापाचे असले, तरी त्याला पायलटशिवाय हालचाल करण्यासाठी बंदराच्या कंझर्व्हेटरची (बंदराची व्यवस्था पाहणाऱ्या प्रमुख अधिकाऱ्याची) किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागे. यंत्र नसलेल्या जहाजांना हीच अट १०० टनांच्या वर आणि २०० टनांच्या आत लागू होती, म्हणजे सवलत होती ती शिडाच्या छोट्या गलबतांना. अर्थात कलम त्या बंदराला लागू केलेले असेल तरच. आपले बार्ज ज्या बंदराच्या हद्दीत फिरते तेथील बंदर अधिकाऱ्याकडे आजचा नियम विचारून घ्यावा आणि परवानगी असल्यास तिची प्रत बार्जच्या केबिनमध्येच ठेवावी. ती घरच्या कपाटात असून तपासणीच्या वेळी उपयोग होत नाही.